महामार्गाची रेघ आणि मेम्फिसचें उपवन

नकाशावर रेघ ओढावयास घटकाभरहि लागत नाहीं. पट्टी ठेवावी, पेन्सिल फिरवावी, कीं शहराच्या एका वेशीपासून दुसऱ्या वेशीपर्यंत रस्ता तयार! परंतु तीच रेघ जमिनीवर उतरूं लागली म्हणजे तिच्या वाटेंत कोणाचें घर येतें, कोणाचें दुकान येतें, कोठें ओढा आडवा येतो, कोठें शंभर-शंभर वर्षांचीं झाडें उभीं असतात. रानमाळावरून जाणाऱ्या रस्त्यास वळसा घालावयास जागा असते. भरवस्तीच्या शहरांत ती नसते. तेथें रस्ता कोणीकडूनहि नेला तरी घाव हा बसावयाचाच. मग तो कोठें बसावा, कोणत्या वाटेनें काय काय नष्ट होईल, आणि त्याचा हिशेब कोणी, केव्हां व कोणत्या मापानें करावयाचा, हा प्रश्न उरतो.

हा प्रश्न आज सर्वच देशांतील शहरांपुढें आहे. त्याचें उत्तर शोधण्याची जी रीति पुढें जगभर रूढ झाली, तिचा इतिहास पाहावयाचा तर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं टेनेसी या संस्थानाकडे वळणें सोयीचें होईल. या एकाच संस्थानांतील दोन शहरांतून एकाच क्रमांकाचा महामार्ग न्यावयाचा होता. एका शहरांत तो वस्ती चिरून आरपार गेला. दुसऱ्यांत एका उपवनाच्या कुंपणाशीं येऊन कायमचा थबकला. असें कां झालें, यांतच त्या रीतीचें सामर्थ्य आणि तिचा उणेपणा हीं दोन्ही दिसून येतात.

१९५६ सालच्या जून महिन्यांत अध्यक्ष आयसेनहॉवर यांनीं एका मोठ्या कायद्यावर सही केली. देशभर ४१,००० मैल लांबीचे रुंद व वेगवान महामार्ग बांधावे, आणि खर्चाचे शंभरांपैकीं नव्वद भाग मध्यवर्ती सरकारनें सोसावे, अशी ती योजना होती. संस्थानांना अवघे दहा भाग द्यावयाचे होते. एवढें दान पदरांत पडत असतां ‘आम्हांस रस्ता नको’ असें म्हणणारें शहर विरळाच! कामें झपाट्यानें सुरू झालीं.

या कामांचे आराखडे करणारे इंजिनियर कांहीं दुष्ट बुद्धीचे नव्हते. परंतु त्यांच्या कोष्टकांत जे रकाने होते ते रस्त्याची लांबी, जमिनीची किंमत, पूल व भराव यांचा खर्च, वाहनांची संख्या आणि प्रवासांत वांचणारा वेळ, एवढेच. ज्याला रकाना नाहीं त्याची किंमत शून्य. घरखर्चाची वही काटेकोरपणें लिहिणाऱ्या गृहस्थाच्या वहींतहि दुधाचा, किराण्याचा, भाड्याचा खर्च असतो. अंगणांतील विहिरीच्या पाण्याची नोंद नसते. विहीर आटते त्या दिवशीं तिची किंमत कळते. शहराच्या हिशेबांत उपवनाची स्थिति नेमकी अशीच होती. उपवनाची जमीन मुळांतच सार्वजनिक, म्हणून ती घेण्यास फारसा पैसा नको. तेथें कोणी राहत नाहीं, म्हणून कोणास उठवावयास नको. यामुळें स्वस्तांतली स्वस्त वाट शोधूं गेलें कीं रेघ आपोआप झाडांकडे वळे. जेथें उपवन नसे तेथें ती गरिबांच्या वस्तीकडे वळे. कारण तेथील जमीन स्वस्त असे, आणि तेथून उठणारी तक्रार कचेरीपर्यंत पोंचतां पोंचतां विरून जाई.

प्रथम नॅशव्हिल शहराची हकीकत पाहूं. नॅशव्हिल ही टेनेसीची राजधानी. तिच्या उत्तर भागांत जेफर्सन स्ट्रीट नांवाचा रस्ता आहे. त्याच्या आसपास कृष्णवर्णीय समाजाची जुनी व नांदती वस्ती होती. फिस्क विद्यापीठ आणि मेहॅरी वैद्यकीय महाविद्यालय या त्या समाजाच्या नामांकित संस्था याच भागांतल्या. दुकानें, प्रार्थनामंदिरें, गाण्याबजावण्याचीं ठिकाणें यांनीं तो रस्ता गजबजलेला असे. महामार्ग क्रमांक ४० याची रेघ या वस्तीवरून ओढली गेली. १९५७ सालच्या मे महिन्यांत कायद्यास अनुसरून जाहीर सुनावणी झाली खरी; परंतु तिच्यासाठीं लावलेल्या नोटिसांत सुनावणीची तारीखच चुकीची होती! वस्तीस रेघेचा खरा अर्थ उमगला तेव्हां दहा वर्षें उलटून गेलीं होतीं. १९६७ सालीं नागरिकांच्या एका समितीनें न्यायालयांत धांव घेतली. रस्त्यानें व्यापार बुडेल, शाळा-महाविद्यालयें वस्तीपासून तुटतील, आणि हा सर्व भार एकाच समाजाच्या माथीं बसेल, असें तिचें म्हणणें होतें. अपील न्यायालयानें त्याच वर्षाच्या अखेरीस निकाल दिला तो असा कीं, पुढें आलेला बहुतेक पुरावा या मार्गाच्या शहाणपणाविषयीं शंका उत्पन्न करतो. त्याच्या कायदेशीरपणाविषयीं नव्हे. १९६८ च्या आरंभीं सर्वोच्च न्यायालयानेंहि हें प्रकरण ऐकण्याचें नाकारलें. रस्ता झाला. शेंकडों घरें पडलीं, आणि जेफर्सन स्ट्रीटची जुनी भरभराट पुन्हा आली नाहीं.

आतां त्याच संस्थानाच्या दुसऱ्या टोंकास, सुमारें २०० मैलांवर, मिसिसिपी नदीच्या कांठीं वसलेल्या मेम्फिस शहराकडे वळावें. या शहराच्या मध्यभागाजवळ ३४२ एकरांचें ओव्हर्टन उपवन आहे. शहराच्या संस्थापकांपैकीं जॉन ओव्हर्टन यांचें नांव त्याला दिलेलें आहे. १९०१ सालीं शहरानें हें रान विकत घेतलें. त्यांत प्राणिसंग्रहालय, खुलें नाट्यगृह, खेळाचीं मैदानें आहेत; २०२० सालापर्यंत तेथें कलाशाळाहि होती. परंतु त्याचा खरा अलंकार म्हणजे तेथील जुनें अरण्य. सुमारें १७० एकरांचें हें अरण्य कोणीं लावलेलें नव्हे. शहर वसण्यापूर्वींपासूनचें तें तेथें उभें होतें आणि शहर त्याच्या भोंवतीं वाढत गेलें. अर्थात् या उपवनाचा इतिहासहि निष्कलंक नव्हता. मेम्फिसच्या उपवनांत व क्रीडांगणांत वर्णभेद पाळला जात असे, आणि तो विनाविलंब संपवावा असें १९६३ सालीं सर्वोच्च न्यायालयास सांगावें लागलें होतें.

महामार्ग क्रमांक ४० हा या उपवनाच्या मधून न्यावा असें ठरलें. सहा पदरांचा हा रस्ता २६ एकर जमीन खाणार होता आणि प्राणिसंग्रहालयास उर्वरित उपवनापासून तोडणार होता. रस्ता बहुतेक ठिकाणीं जमिनीच्या पातळीखालीं खोदून नेऊं, फक्त ओढ्यावरून तेवढा वर येईल, असें समाधान सांगण्यांत येई. परंतु खंदक खोदला म्हणून अरण्य सावरत नाहीं. दाट रानांतून रुंद पट्टा कापला कीं आंतल्या झाडांस एकाएकीं ऊन व वारा लागतो. सांवलींत वाढलेलें रान कडेनें सुकूं लागतें, उघडीं पडलेलीं झाडें वादळांत कोलमडतात. तोडलेलें क्षेत्र २६ एकर असलें तरी दुखावलेलें क्षेत्र त्याहून मोठें असतें. गोंगाट आणि धूर यांना तर खंदकाची भिंत अडवीत नाहीं.

१९५७ सालींच कांहीं नागरिकांनीं उपवनाच्या रक्षणासाठीं एक मंडळ स्थापन केलें होतें. त्यांच्या हातीं पैसा नव्हता, अधिकार नव्हता. परंतु १९६६ सालीं एक नवी गोष्ट घडली. मध्यवर्ती वाहतूक खात्याची स्थापना करणाऱ्या कायद्यांत एक कलम घालण्यांत आलें. सार्वजनिक उपवनाच्या जमिनीवरून रस्ता नेण्यास खात्याच्या मंत्र्यानें मंजुरी द्यावयाची ती दुसरा कोणताहि शक्य आणि विवेकयुक्त मार्ग नसेल तरच. आणि तशी ती दिली तरीहि उपवनाची हानि कमींत कमी होईल अशी सर्व तजवीज केली पाहिजे. नॅशव्हिलच्या वस्तीजवळ असें कलम नव्हतें. मेम्फिसच्या झाडांजवळ तें होतें. पुढचा सर्व फरक याच एका गोष्टीनें पडला.

१९६९ सालीं संस्थानानें उपवनांतील पट्ट्यासाठीं मेम्फिस शहरास वीस लक्ष डॉलर दिले, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत वाहतूक मंत्री जॉन व्होल्पी यांनीं मार्गास मंजुरी दिली. दुसरा मार्ग कां शक्य नाहीं, याविषयीं त्यांनीं त्या वेळीं एक अक्षरहि लिहिलें नाहीं. नागरिकांनीं दावा लावला. खालच्या दोन्ही न्यायालयांत ते हरले. खटला चालूं असतां सरकारतर्फे कांहीं प्रतिज्ञालेख दाखल झाले आणि मंत्र्यांनीं सर्व बाबींचा विचार केला होता असें त्यांत सांगण्यांत आलें. अखेर प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढें आलें, आणि २ मार्च १९७१ रोजीं न्यायमूर्ति थर्गुड मार्शल यांनीं निकालपत्र दिलें. हे त्या न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश होत.

त्या निकालाचें मर्म दोन गोष्टींत आहे. पहिली गोष्ट हिशेबाची. सरकारचें म्हणणें असें होतें कीं, खर्च, लोकांची गैरसोय आणि उपवनाची हानि यांचें पारडें पाहून मंत्र्यानें निर्णय घ्यावा. न्यायालयानें दाखवून दिलें कीं, हें पारडें कधीं समतोल राहूंच शकत नाहीं. उपवनाची जमीन आधींच सार्वजनिक असल्यानें तेथून नेलेला रस्ता बहुधा स्वस्तच पडणार, आणि उपवनांत कोणी राहत नसल्यानें तेथें कोणी बेघर होणार नाहीं. प्रत्येक रस्त्याच्या बाबतींत हेंच खरें असेल. मग याच कारणांना उपवनाच्या बरोबरीचें वजन द्यावयाचें असतें तर कायदेमंडळानें कायदा केलाच कशाला? म्हणून उपवन वांचविणें हा नियम समजला पाहिजे, आणि दुसऱ्या मार्गाचा खर्च किंवा त्रास असाधारण असेल तेव्हांच अपवाद करतां येईल.

दुसरी गोष्ट वेळेची. निर्णय घेतेवेळीं मंत्र्यापुढें जे कागद होते तेच तपासले पाहिजेत. खटला उभा राहिल्यावर लिहून काढलेलीं कारणें पुरेशीं नव्हत, असें न्यायालयानें सांगितलें. हें तत्त्व वरवर पाहतां तांत्रिक वाटेल. परंतु सर्व विषयाचा गाभा येथें आहे. आधीं रेघ ओढून मग तिचीं कारणें शोधणें हा विचार नव्हे; ती सबब होय.

परंतु न्यायालय ‘दुसरा मार्ग पाहा’ एवढेंच सांगूं शकतें. दुसरा मार्ग पारखावा कसा, हें सांगणें शास्त्राचें काम. तें याच सुमारास न्यूयॉर्कमध्यें चाललें होतें. त्या शहराच्या स्टेटन बेटावर रिचमंड पार्कवे नांवाचा रस्ता तेथील डोंगराळ हरितपट्ट्यांतून जावयाचा होता. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठांतील प्राध्यापक इयान मॅक्हार्ग यांनीं त्याची एक निराळीच तपासणी केली, आणि १९६९ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत ती मांडली. रीति सोपी होती. प्रत्येक गोष्टीसाठीं एकेक पारदर्शक कागद घ्यावयाचा. जमिनीचा उतार, मातीची धूप, पाण्याचा निचरा, भरतीच्या पाण्याचा धोका, अरण्य, वन्यप्राणी, ऐतिहासिक स्थळें, सृष्टिसौंदर्य, राहतीं घरें, संस्था, अशा प्रत्येकास स्वतंत्र कागद. जेथें हानि अधिक तेथें रंग गडद, जेथें कमी तेथें फिका. मग सर्व कागद एकावर एक रचून उजेडापुढें धरावयाचे. जेथून उजेड पार येतो ती रस्त्याची वाट. जेथें अंधार दिसतो तेथें जाऊं नये. ज्याला कोष्टकांत रकाना नव्हता त्याला आतां एक कागद मिळाला. हरितपट्ट्यांतला तो रस्ता पुढें झाला नाहीं. खोदकामांतून निघालेल्या दगडमातीची टेकडी मात्र तेथें राहिली, आणि रस्त्यांचे पुरस्कर्ते रॉबर्ट मोझेस यांच्या नांवानें लोक तिला ‘मोझेसचा डोंगर’ म्हणूं लागले.

या सुंदर रीतींतहि एक खोट होती, आणि ती लपवून चालणार नाहीं. राहत्या घरांच्या कागदावर गडद-फिका रंग ठरला तो घरांच्या बाजारभावावरून. महागडें घर गडद, स्वस्त घर फिकें. म्हणजे उजेडापुढें धरलें असतां श्रीमंताचा बंगला रस्त्यास अडवील, आणि गरिबाच्या खोलींतून उजेड आरपार जाईल! झाडाला माणसाच्या वहींत जागा मिळाली, पण गरिबाचें घर अजून जुन्याच भावानें मोजलें जात होतें.

१ जानेवारी १९७० रोजीं अध्यक्ष निक्सन यांनीं राष्ट्रीय पर्यावरण धोरणाच्या कायद्यावर सही केली आणि या सर्व विचारास कायमचें रूप आलें. सरकारनें पर्यावरणावर मोठा परिणाम घडविणारें कोणतेंहि काम हातीं घेण्यापूर्वीं एक सविस्तर निवेदन लिहिलें पाहिजे. कोणते परिणाम होतील, त्यांपैकीं कोणते टाळतां येणार नाहींत, दुसरे कोणते पर्याय आहेत, आणि कोणती हानि पुन्हा कधींच भरून निघणार नाहीं, हें त्यांत आलें पाहिजे. कांहींच न बांधणें हाहि एक पर्याय म्हणून तपासला पाहिजे, असें पुढें नियमांनीं ठरलें. ही कल्पना देशोदेशीं पसरली. भारतानें २७ जानेवारी १९९४ रोजीं अधिसूचना काढून अशी तपासणी बंधनकारक केली, आणि २००६ सालीं तिच्या जागीं नवी अधिसूचना आणली.

मेम्फिसची कथा निकालानें संपली नाहीं. प्रकरण खालीं परत आलें, पंचवीस दिवस सुनावणी झाली, आणि १९७२ च्या जानेवारींत तें पुन्हा मंत्र्यांकडे गेलें. पुढच्या वर्षीं त्याच व्होल्पीसाहेबांना कबूल करावें लागलें कीं, उपवन टाळणारा शक्य आणि विवेकयुक्त मार्ग नाहीं, असें आपणांस म्हणतां येत नाहीं. त्यानंतर बोगद्याच्या, आच्छादित रस्त्याच्या अनेक कल्पना निघाल्या. खर्चापुढें किंवा कायद्यापुढें एकहि टिकली नाहीं. जानेवारी १९८१ मध्यें संस्थानाच्या गव्हर्नरांनीं उपवनांतला तुकडा योजनेंतून वगळण्याची विनंती केली. क्रमांक ४० हें नांव शहराच्या उत्तरेकडून वळसा घालणाऱ्या रस्त्यास मिळालें, आणि वाहनें त्या बाजूनें जाऊं लागलीं. २०११ सालीं त्या जुन्या अरण्याच्या १२६ एकरांना संस्थानाच्या संरक्षित निसर्गक्षेत्राचा दर्जा मिळाला.

हा विजय खराच. परंतु उपवनाच्या अलीकडे आणि पलीकडे काय झालें तेंहि पाहिलें पाहिजे. न्यायालयांत वाद चालूं होता तो उपवनांतल्या तुकड्यापुरता. त्याच्या दोन्ही बाजूंस, रस्ता होणारच या भरंवशावर, शेंकडों घरें विकत घेऊन पाडलीं गेलीं. अखेर रस्ता झालाच नाहीं. झाडें वांचलीं, आणि ज्यांचीं घरें पडलीं त्यांना कळलें कीं, आपलीं घरें कशासाठींच पडलीं नाहींत. पाडलेल्या वस्त्यांच्या जागीं कित्येक वर्षें नुसतें गवत वाढत होतें. तपासणी आधीं होऊन रेघ मागून ओढली असती, तर ओव्हर्टन उपवनाबरोबर हीं घरेंहि उभीं राहिलीं असतीं.

घरांच्या बाबतींत कायदा पुढें थोडा सरकला. जानेवारी १९७१ च्या कायद्यानें रस्त्यापायीं उठविलेल्या कुटुंबांस साहाय्य देणें सरकारवर बंधनकारक झालें. १९९४ सालीं अध्यक्ष क्लिंटन यांनीं असा हुकूम काढला कीं, सरकारी कामांची झळ गरिबांना व अल्पसंख्य समाजांना अधिक लागते काय, हें प्रत्येक खात्यानें तपासावें. नॅशव्हिलनें जें मागितलें होतें तें सत्तावीस वर्षांनीं कागदावर आलें. परंतु तो हुकूमच होता, कायदा नव्हे; २०२५ सालीं नव्या अध्यक्षांनीं तो एका सहीनें रद्द केला. उपवनास तारणारें १९६६ चें कलम मात्र कायद्याचें होतें, आणि तें टिकून आहे.

ज्यांना शहरांतून रस्ते न्यावयाचे आहेत आणि ज्यांना त्या शहरांत राहावयाचें आहे, त्या दोघांनाहि या इतिहासांतून एक साधी कसोटी मिळते. समोर आलेल्या अहवालाचीं पानें किती आहेत हें पाहूं नये. त्यावरची तारीख पाहावी. तो रेघेच्या आधींचा आहे कीं नंतरचा? आणि मग त्यांतील कागद एकेक करून उजेडापुढें धरावे, व शहरांतलें जुनें झाड आणि शहरांतलें स्वस्त घर यांपैकीं कोणाच्या जागीं रंग भरावयाचाच राहून गेला आहे, हें पाहावें. जेथें रंग भरलेला नाहीं तेथूनच रस्ता जावयाचा असतो. मेम्फिसच्या अरण्यांत आज पायवाटेनें हिंडणाऱ्या मुलांना ही रेघ दिसत नाहीं. नॅशव्हिलच्या जेफर्सन स्ट्रीटवरील मुलांना मात्र ती अजून रोज दिसते.